माळच तर आहे! : एका प्रेअरी-सहलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातली मराठी शाळा. रविवारी सकाळी मुलं आत बाराखडी गिरवतात, आईबाप बाहेर थर्मासातला चहा पितात. वर्षातून एकदा सहल निघते. सफरचंदाच्या बागा, भोपळ्याची शेतं, प्राणिसंग्रहालय असं सगळं करून झालं होतं. त्या वर्षी सहलीचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि मी प्रेअरी, म्हणजे इथलं उंच गवताचं रान, सुचवली. दोन हिवाळे मी काउंटीच्या एका राखीव जागेत शनिवारी बकथॉर्न नावाची, रानात माजणारी परकी झुडपं तोडायला जात होते. नव्या भक्ताला असतो तसला उत्साह अंगात होता.

इलिनॉयला 'प्रेअरी स्टेट' म्हणतात, पण प्रेअरी कुठे आहे असं इथल्या माणसाला विचारलं तर तो जरा गोंधळतो. एके काळी या राज्यात सुमारे २.२ कोटी एकर गवताळ प्रदेश होता. १८३७ मध्ये ग्रँड डिटूर या गावी जॉन डिअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर केला. जुन्या ओतीव लोखंडाच्या नांगराला चिकटणारी इथली काळी माती या फाळावरून सुटून पडायला लागली. पुढच्या काही पिढ्यांत सगळं रान मक्या-सोयाबीनखाली गेलं. नांगर न लागलेली चांगली प्रेअरी आज मूळच्या दहा हजारांत एक भागही उरलेली नाही. जी उरली ती रेल्वेच्या रुळांकडेला आणि जुन्या कबरस्तानांत, म्हणजे जिथे नांगर घालायचं कुणाच्या मनात आलं नाही तिथे. 'पुनर्स्थापित' प्रेअरी म्हणजे अशा तुकड्यांवरून बी गोळा करून, पडलेल्या शेतात ते पेरून, वर्षानुवर्षं तण उपटून आणि ठरवून आग लावून परत उभं केलेलं रान.

आम्ही नऊ कुटुंबं, ३४ माणसं. त्यांत सात आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले. त्यांतले एक मंगळवेढ्याकडचे. घरची काळी जमीन, ज्वारीचं पीक, वर गुरांपुरता चार एकर मुरमाड माळ. त्यांना नुसतं आजोबा म्हणते. पुढचं बरंचसं त्यांच्याभोवती घडलं, आणि ते मला फार उशिरा कळलं.

अडचण: पहिली सहल

जागा निवडली मिडेविन. शिकागोच्या नैर्ऋत्येला, आमच्यापासून पाऊण तासावर. दुसऱ्या महायुद्धात इथे जोलिएटचा दारूगोळ्याचा कारखाना होता. १९९६ मध्ये त्या जमिनीवर देशातली पहिली 'राष्ट्रीय टॉलग्रास (उंच गवताची) प्रेअरी' जाहीर झाली. नाव पोटावाटोमी भाषेतलं, उपचार करणाऱ्या मंडळींच्या संघाशी जोडलेलं. गवताने झाकलेले दारूगोळ्याचे बंकर अजून उभे आहेत आणि २०१५ पासून तिथे बायसनचा, म्हणजे अमेरिकेतल्या रानगव्यांचा, कळप आहे. निवडीचं खरं कारण बायसनच. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला आणि दोन तासांत नऊ कुटुंबांनी होकार दिला. फोटोतलं गवत बायसनच्या पोटापर्यंत होतं. तो कुठल्या महिन्यातला आहे, हे मी पाहिलं नव्हतं.

आम्ही गेलो मेच्या मध्यावर, कारण शाळा तेव्हा संपते. निघालो सव्वानऊला. पार्किंगमध्ये पोहे, चहा, मुलांचं दूध, पुन्हा चहा. चालायला लागलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. सावलीला एक झाड नाही. एका पट्ट्यात वसंतातली आग देऊन झालेली: काळी जमीन, मधे वीतभर हिरवे कोंब. बाकी ठिकाणी गेल्या वर्षीचं वाळकं गवत आडवं पडलेलं. बायसन होते, पण कुंपणापलीकडे फार लांब. चार तपकिरी ठिपके. एका मुलाने विचारलं, "ते हलतात का?"

माझ्या भाषणाची पाठ केलेली वाक्यं उन्हात सुकून गेली. एक आजी म्हणाल्या, "एवढं पेट्रोल जाळून जळकं रान बघायला आणलंस होय गं?" कुणीतरी म्हणालं, "माळच तर आहे!" आणि सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार.

त्या माळावर तेव्हा बघण्यासारखं काहीच नव्हतं, असं अजिबात नाही. शूटिंग स्टारची फुलं होती, खाली मान घातलेली, विमानाच्या शेपटीसारख्या पाकळ्या मागे वळलेली. बोबोलिंक पक्षी दक्षिण अमेरिकेहून परत आले होते आणि डोक्यावर किणकिणत होते. पण गुडघ्याखालचं फूल दाखवायला ३४ माणसांची रांग हे साधन नव्हे. पहिल्या चौघांनी पाहिलं, मागच्या तिसांना पुढच्यांची पाठ दिसली.

संध्याकाळी खरा गोंधळ. सात वर्षांच्या एका मुलीच्या केसांत काहीतरी हाताला लागलं. फोटो ग्रुपवर आला आणि एकदम भडका उडाला. लाइम रोग, इमर्जन्सी रूम, "सहल कुणी ठरवली होती?" एका काकांनी घासलेट लावायला सांगितलं, दुसऱ्यांनी तेल, तिसऱ्यांनी पेटती काडी जवळ धरायला. आजोबांनी सुनेच्या फोनवर फोटो पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "गोचीड आहे की. बैलाच्या कानात बघितली नाही का कधी?"

गोचीडच होती. इथे तिच्या वेगवेगळ्या जाती आहेत. लाइम पसरवते ती लहान काळ्या पायांची. हिच्या पाठीवर पांढुरकी नक्षी होती, म्हणजे कुत्र्यावरची, जी लाइम पसरवत नाही. तिला काढायचं ते बारीक चिमट्याने, कातडीलगत धरून, सरळ वर ओढून. तेल किंवा आगीने ती सुटत नाही, उलट चिडून लाळ आत सोडण्याची भीती असते. मुलीच्या आईने चिमटा वापरला, डॉक्टरांना फोन केला, मुलगी ठणठणीत राहिली. पण "प्रेअरी" हा शब्द ग्रुपवर महिनाभर कुणी काढला नाही.

पर्याय

जुलैत एका घरी पाच जणी बसलो. पुढे काय?

पहिला पर्याय सोडून देण्याचा. याला दोन मतं होती, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: हौस माझी, मनस्ताप सगळ्यांचा.

दुसरा, मिडेविनलाच ऑगस्टअखेर परत जाणं. गवत तेव्हा माणसाच्या वर गेलेलं असतं. पण ऊन, अंतर आणि बायसन दिसतील याची पुन्हा खात्री नाहीच.

फर्मिलॅबवर बरीच चर्चा झाली, कारण आमच्यातले एक बाबा तिथे येऊन-जाऊन असतात. कणभौतिकीच्या या प्रयोगशाळेत १९६९ मध्ये पहिले संचालक रॉबर्ट विल्सन यांनी बायसन आणले. १९७५ पासून रॉबर्ट बेट्झ या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी प्रवेगकाच्या (कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या) गोल कड्याच्या आतल्या जमिनीवर प्रेअरी पेरायला घेतली. मुलांना सांगायला गोष्ट झकास. पण गेटवर ओळखपत्र लागतं, आणि पाहुण्यांचे पासपोर्ट सहलीला घेऊन हिंडायला एकही सून तयार नव्हती.

नाचुसा ग्रासलँड्स ही नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गरक्षण संस्थेने १९८६ पासून हळूहळू वाढवलेली जागा या सगळ्यांत माझ्या सर्वांत आवडीची. सव्वा तासाच्या वर गाडी. लहान मुलं आणि मधुमेही मंडळी घेऊन नको, असं मीच म्हटलं.

उरली शूलेनबर्ग प्रेअरी, लाइल गावच्या मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानात. आमच्यापासून १५ मिनिटं. १९६२ पासून रे शूलेनबर्ग यांनी आसपासच्या तुकड्यांवरून बी आणून, रोपं तयार करून ती हाताने लावत उभी केलेली, आज सुमारे १०० एकरांची. तिकीट पडतं, बायसन नाहीत. पण शौचालय आहे, कडेला ओकची सावली आहे आणि कंटाळा आला तर दहा मिनिटांत गाडीत बसता येतं. हीच ठरली.

खरी खडाजंगी झाली ती आजी-आजोबांना न्यायचं की नाही यावर. उकाडा, गुडघे, गोचीड, वर पहिल्या वेळची नाराजी. "त्यांना त्या दिवशी मॉलमध्ये सोडू" असा प्रस्ताव आला. मी त्याच्या बाजूने हात वर केला. हे इथे लिहिलंच पाहिजे, कारण पुढे झालेल्या चांगल्याचं श्रेय मला देणारे लोक आहेत. एक जण अडून बसली: तिचे सासरे एप्रिलपासून घरात बसून खिडकीतून लॉन बघताहेत, तिला त्यांना मातीवर न्यायचं होतं. तीन विरुद्ध दोन मतांनी आजी-आजोबा यादीत राहिले. ते सासरे म्हणजे आजोबा.

दुसरी सहल

ऑगस्टचा शेवटचा रविवार. यावेळी अकरा-बाराचे तीन गट केले, प्रत्येक गट अर्ध्या तासाच्या अंतराने, पहिला साडेआठला. नाश्ता नंतर, आणि तोही घरून डब्यात. लांब पँट, पायमोजे पँटवर ओढलेले, फिकट रंगाचे कपडे म्हणजे गोचीड चढली तर दिसते. आजींनी साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातले आणि एकमेकींचे फोटो काढले. वाइल्ड पार्सनिपचं चित्र आधीच पाठवलं होतं: शेपूसारखी पिवळी छत्री, तिचा चीक अंगाला लागून वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. "ओळखीची भाजी वाटली तरी हात लावायचा नाही" एवढंच खाली लिहिलं.

पायवाट गवतात शिरली आणि मुलं गडप झाली. बिग ब्लूस्टेम सात-आठ फुटांवर गेलेलं, टोकाला तीन बोटांचा तुरा, त्याला पिवळे परागकोश लोंबत होते. मी माझं भाषण सुरू करणार तोच आजोबा थांबले. वाकून एका काडीचं पेर त्यांनी दोन बोटांत धरलं, न मोडता. पान जिथे काडीला कवळतं तिथे नख फिरवलं. मग शेजारच्या इंडियन ग्रासचा सोनेरी तुरा वाकवून बघितला.

"हे कडवाळच्या घरचं दिसतंय," ते म्हणाले. कडवाळ म्हणजे चाऱ्याची ज्वारी. "ताटं बारीक आहेत, पण पेर बघ."

मला हे शास्त्रीय नावांसकट ठाऊक होतं आणि तरी कधी सुचलं नव्हतं. ज्वारी, मका, ऊस, गवती चहा, आपल्याकडची मारवेल आणि कुसळी, आणि इथली बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास ही सगळी गवतांच्या एकाच टोळीतली. इंडियन ग्रासच्या 'सॉरगॅस्ट्रम' या नावाचा अर्थच ज्वारीसारखं दिसणारं. मी भाषण गुंडाळलं. पुढचा तासभर आजोबा बोलले. कोणतं गवत गुरं कोवळं असतानाच खातील, कोणतं निबर झाल्यावर तोंड फिरवतील, कुठे पाणी मुरत असणार. काही अंदाज चुकले असतील. मुलांना त्याचं काही नव्हतं. ती त्यांच्या मागे होती.

कंपास प्लांटची पानं कडा उत्तर-दक्षिण करून उभी राहतात असं मी सांगितलं, तर मुलांनी फोनमधलं होकायंत्र काढून पानामागून पान मोजलं. बरीचशी बरोबर, काही फितूर. प्रेअरी डॉकचं सुपाएवढं पान गालाला लावून बघितलं. उन्हातही गार, कारण मुळं खोलवरून पाणी वर ओढतात. मग प्रेअरी ड्रॉपसीडचे गोल झुबके आले आणि भांडण लागलं. मुलं म्हणाली पॉपकॉर्नचा वास. जळक्या रानावरून मला बोलणाऱ्या त्याच आजी म्हणाल्या, "छे, धने. धने भाजतानाचा." त्या पंधरा मिनिटं तिथून हलल्या नाहीत आणि मागून येणारा दुसरा गट त्यांच्यावर येऊन आदळला.

परतताना आजोबांनी विचारलं, "मे महिन्यात ते काळं होतं, ते मुद्दाम जाळलेलं?" हो म्हटल्यावर बराच वेळ गप्प. वणवा म्हणजे नासधूस, हे आपल्याकडे शाळेत शिकवतात, आणि सह्याद्रीत दर उन्हाळ्यात लावल्या जाणाऱ्या आगींबद्दल ते खरंही आहे. इथे आग ठरवून, वारा आणि ओल बघून, पट्टा आखून देतात. गवताचा वाढीचा कोंब जमिनीखाली सुरक्षित राहतो, वर आलेली झुडपं मरतात. पहिल्या सहलीत हे दोन वाक्यांत सांगितलं असतं तर जळकं रानसुद्धा बघण्यासारखं झालं असतं. तेव्हा मी बायसन शोधण्यात गुंतले होते.

मूठभर बी

सप्टेंबरच्या शेवटी मी आजोबांना आणि चौघा मुलांना माझ्या शनिवारच्या जागी घेऊन गेले. बी गोळा करायचा दिवस होता. प्रत्येकाला एक कागदी पिशवी आणि एकच गवत. आजोबांच्या वाट्याला इंडियन ग्रास. चिमटीत तुरा धरून खालून वर एक ओढ, बी मुठीत. आमची निम्मी पिशवी भरेपर्यंत त्यांच्या दोन झाल्या. प्रमुख स्वयंसेवक बाई त्यांच्याकडे बघून मला म्हणाल्या, यांना दर आठवड्याला आण.

निघताना त्यांनी पिशवीतलं मूठभर बाजूला काढलं. "हे माळावर टाकून बघतो."

मी म्हटलं, "बघू."

या प्रकरणातला माझा सर्वांत वाईट निर्णय हाच. तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. वडीलधारा माणूस, सकाळभर खपलेला, परक्या लोकांसमोर कसं अडवायचं, म्हणून मी ढकललं. ते बी रुमालात बांधून घरी आलं. चार दिवस मी फोन करायचा टाळला.

मग गेले. तीन गोष्टी होत्या. बी त्या जागेचं होतं, न विचारता न्यायचं नव्हतं. ती माझ्या शब्दावर सोडलेली गोष्ट होती. दुसरं, परदेशातून भारतात बियाणं नेताना आयातीचा परवाना आणि रोग-कीड नसल्याचा दाखला लागतो. रुमालातल्या मुठीला तो कोण देणार? या दोन्हींवर आजोबांचं म्हणणं, "एवढ्याशानं काय होतंय."

तिसऱ्यावर ते थांबले. मी गाजरगवताचं नाव काढलं. मूळचं अमेरिका खंडातलं, १९५० च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं, आयात गव्हाबरोबर आलं असं आपल्याकडे सगळे सांगतात. आजोबांनी ते आयुष्यभर बांधावरून उपटलं होतं, त्याने हाताला खाज सुटते. आणि उलटंही सांगितलं: आपली मारवेल गुरांचा चारा म्हणून टेक्सासात नेली, तर तिथे ती मूळच्या गवतांना दाबत पसरली आणि आता लोक ती काढायच्या मागे आहेत.

"मारवेल?" ते म्हणाले. "ती तर माझ्याच माळावर होती." जरा वेळाने: "होती. आता कुसळीच जास्त." आणि मग आपणहून सांगायला लागले, की पवन्या आणि शेडा लहानपणी कमरेपर्यंत असायचा, शेळ्या वाढल्या तसा गेला, एका कोपऱ्यात दगडाच्या ताली आहेत तिथे अजून थोडा असेल.

काय झालं

पुढच्या शनिवारी रुमाल आम्ही परत नेऊन दिला. बाई हसल्या, बी पिशवीत टाकलं.

आजोबांनी गावी भावाला फोन करून तालीच्या कोपऱ्यात यंदा शेळ्या सोडू नको म्हणून सांगितलं. भावाने विचारलं, "अमेरिकेत जाऊन गवत शिकून आलास का?" कोपरा अजून राखलेला नाही. काटेरी कुंपणाचा खर्च कुणी करायचा, यावर अडलंय.

शाळेतली तीन कुटुंबं आता महिन्यातून एकदा शनिवारी येतात. एक कुटुंब परत कधी येणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय; गोचीड त्यांच्या मुलीच्या केसांत होती. मी आग्रह केला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

आधी महिना ठरवीन, मग जागा. मे महिन्यातच जायचं असेल तर दहाच्या वर माणसं नकोत, आणि सरळ आग आणि कोंब बघायला म्हणून न्यायचं. बायसनचा फोटो कुणाला पाठवणार नाही.

आजी-आजोबांना विचारलंच नव्हतं, हे सर्वांत खटकतं. "गावाकडे कोणतं गवत होतं?" एवढा एक प्रश्न मेच्या आधी सात जणांना फोनवर विचारता आला असता. आम्ही त्यांना पाणी, टोपी आणि घडीची खुर्ची लागेल का ते विचारलं.

बी गोळा करायच्या दिवशी निघण्याआधी सगळ्यांसमोर खिसे उलटे करायचे, माझ्यासकट. म्हणजे कुणा एकाला अडवण्याची पाळी येत नाही. बुटांचे तळवे ब्रशने घासायचे, ते येताना आणि जाताना दोन्ही वेळा, कारण तणाचं बी चिखलातून आतही येतं.

आणि पँटच्या दुमडी बघायच्या. ऑक्टोबरअखेर बॅगा भरताना सुनेला आजोबांच्या त्या दिवशीच्या पँटच्या दुमडीत पाच-सहा सोनेरी कुसं सापडली, धुऊनही तशीच. तिने ती तळहातावर घेऊन त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून मोजली, कागदात बांधली आणि म्हणाले, "कचऱ्यात टाक. कंपोस्टात नको."